पंचाचा मंगळवार

घरून,
४ मार्च

चि. ठकीस,

अ. उ. आ. आशीर्वादावरून नाक मुरडू नकोस. मी तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी असेन, पण मावशी आहे, आणि हा अधिकार नात्याने मिळतो, वयाने नव्हे. शाळेच्या मैदानात मला सगळ्यांदेखत ‘मावशी’ म्हणायला तू लाजायचीस, तेव्हाही माझं म्हणणं हेच होतं.

बातमी सकाळी रेडिओवर ऐकली. वर्षातल्या सर्वोत्तम कादंबरीचा पुरस्कार एका दंतवैद्य बाईंना मिळाला, असं निवेदक म्हणाला. त्याच्या आवाजातलं आश्चर्य कादंबरीबद्दल नव्हतं, दातांबद्दल होतं. मी उठून उभी राहिले. हे वाक्य तू भरभर वाचून पुढे जाशील म्हणून तुला इथेच अडवते. सकाळी उठून उभं राहणं हे माझ्याकडे नुसतं क्रियापद नसतं, अख्खं प्रकरण असतं. संस्कृतात गुडघ्यांना द्विवचन लावतात. माझे दोघे गेली काही वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा त्यांना दोन स्वतंत्र एकवचनं समजावं. तरी उभी राहिले. टाळ्या वाजवता येईनात, म्हणून टेबलावर थाप मारली.

मग तुझा सत्कार केला. ठेवणीतले कपडे काढले, बटणं लावली (मध्ये मध्यंतर घ्यावं लागलं) आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. उपस्थिती एक. अध्यक्षांच्या अंगात कणकण असल्यामुळे भाषण रद्द. चहा होता, पण गार, कारण किटली दोन हातांनी उचलावी लागते आणि डावा हात आज रजेवर होता. दुपारी व्यायामवाल्या बाई आल्या तेव्हा मी तशीच बसलेली. त्यांनी विचारलं, कुठे जायचंय का. मी सांगितलं, जाऊन आले.

मत्सर वाटला का, हे तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. वाटला. रेडिओ बंद केल्यापासून चहा गार होईपर्यंत वाटला. मग त्याचाही कंटाळा आला. मत्सर टिकवायला अंगात ताकद लागते, ठकी. तो धडधाकट माणसांचा खेळ आहे. माझ्या शेवटच्या कथासंग्रहाच्या न खपलेल्या प्रतींचा एक गठ्ठा मी हल्ली पाय टेकायला घेते. व्यायामवाल्या बाईंनी उंची बघून पसंती दिली. त्या पुस्तकाला आजवर मिळालेला हा सर्वांत अनुकूल अभिप्राय.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला लगेच बरं असावं लागतं. पत्र मी बरी असेन तेव्हाच लिहिते, म्हणजे खोटं बोलायची वेळ येत नाही. बोटांचं म्हणशील तर ती सरकारी कचेरीसारखी आहेत. उशिरा उघडतात, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत येतीलच असं नाही. ती आता चालली.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. आता तुझ्याकडे लोभ करणारे पुष्कळ येतील. त्यांत हा जुना लोभ कुठे ठेवला आहेस ते विसरू नकोस.

तुझी,
मावशी

*

दवाखान्यातून,
१५ मार्च

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येईपर्यंत मला पुरस्कार मिळालाय असं वाटतच नव्हतं. बाकी सगळे बोलून गेले, दवाखान्यातले, शेजारचे, यांच्या भूमापन खात्यातले. पेशंटसुद्धा तोंडात कापूस असताना अभिनंदन करतात. काल एका आजोबांनी खालची कवळी हातात घेऊन माझं कौतुक केलं. पण तू टेबलावर थाप मारलीस हे वाचलं आणि मी औषधांच्या कपाटामागे जाऊन रडले.

समारंभ मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची मी आत्ताच सांगून ठेवली आहे. हे गाडी घेऊन येतील, मागच्या सीटवर उशा टाकतील, वाटेत पाहिजे तिथे थांबतील. नाही म्हणू नकोस. आई नाही, तर माझ्याकडून बसणारं दुसरं कोण आहे?

आता दुसरी गोष्ट. नव्या कादंबरीचा कच्चा खर्डा वेगळ्या टपालाने पाठवते आहे. नायक फुटबॉलच्या सामन्यांचा निवृत्त पंच आहे. तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो, आणि त्याला तुझा आजार आहे. सांध्यांचा, तापाचा, सगळा तुझाच. लिहिण्याआधी तुला विचारायला हवं होतं, ते झालं नाही; आता विचारते. तू नको म्हणालीस तर कपाटात ठेवून देईन, खरंच.

आणि एक आनंदाची बातमी. वीस वर्षं मी तुला कागदांचे ढीग पाठवते आणि तू कुठल्या तरी पानावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढून लिहितेस, ‘इथे संपलं, पुढे नुसती बडबड’. तुझ्या रेघेशिवाय माझं एकही पुस्तक बंद झालेलं नाही. या वेळी मात्र शेवट माझा मलाच सापडला! प्रकाशकांनी वाचला, ते रडले. तेव्हा तू रेघेची तसदी घेऊ नकोस. नुसतं सावकाश वाच, आणि हो किंवा नाही कळव. डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षर मोठं ठेवलं आहे.

गोळ्या वेळेवर घे. लोभ तर आहेच, फक्त थोडी वाट पाहायला लावते त्याबद्दल क्षमा.

तुझी,
ठकी

*

घरून,
९ एप्रिल

चि. ठकीस,

अ. उ. आ. मी समारंभाला येते. हे वाक्य पहिल्यांदा लिहून टाकलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

सध्या जिन्याचा अभ्यास चालू आहे. व्यायामवाल्या बाई खालच्या पायरीवर उभ्या राहून मला उतरवतात, आणि मी एखाद्या दुर्मीळ मूर्तीसारखी खाली येते. पहिल्या दिवशी एक मजला उतरले आणि तिथेच बसून राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार उघडलं, मला पायरीवर पाहिलं, आणि कुणाकडे आलात म्हणून विचारलं. आम्ही एकाच इमारतीत अकरा वर्षं राहतो. मी सांगितलं, वरच्या बाईंकडे. ते म्हणाले, त्या कधी दिसत नाहीत. मी म्हटलं, खरं आहे.

आता बरंच जमतं. उतरायला जमतं असं म्हणायचं आहे. चढण्याबद्दल आपण बोलायला नको.

तू मला पुरुष केलंस, तेही फुटबॉलवाला, याचा विचार करते आहे. आयुष्यात मी चेंडूला पाय लावला नाही. एकदा वर्गात खिडकीतून चेंडू आला होता, तर मुलींना मी त्याची विभक्ती चालवायला लावली. पण शिट्टी वाजवून माणसं जागच्या जागी थांबवायची, हा अधिकार मला आवडला. पंच चालेल.

तुझा गठ्ठा आला आहे. टेबलावर आहे. अजून सोडलेला नाही. दोरीची गाठ सोडायला बोटं लागतात आणि आतलं वाचायला धीर, आणि दोन्ही गोष्टी एका दिवशी हाताशी येत नाहीत. शिवाय यंदाचा मान जुन्या पुस्तकाचा आहे. तो समारंभ होऊ दे, मग पंचसाहेबांकडे बघते.

शेवट तुझा तुला सापडला हे वाचून आनंद झाला. ‘आनंद झाला’ हे तीनदा लिहून पाहिलं. ठीक दिसतं.

एक विचारायचं होतं. सभागृहातल्या खुर्च्यांना हात आहेत का? हात नसलेल्या खुर्चीत मी बसू शकते, पण मग तिथेच राहावं लागेल, आणि पुढच्या वर्षीच्या विजेत्याची पंचाईत होईल.

लोभाची काळजी तू करू नकोस, तो मी साठवून ठेवला आहे.

तुझी,
मावशी

*

दवाखान्यातून,
३० एप्रिल

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. खुर्च्यांना हात आहेत. मी स्वतः जाऊन बसून, उठून बघितलं. व्यवस्थापकांना वाटलं मी जागेवरून भांडायला आले आहे.

घाईत लिहिते, बाहेर तीन जण गाल धरून बसलेत. प्रकाशक मागे लागले आहेत. पुरस्काराची चर्चा आहे तोवर नवं पुस्तक यायला हवं, ऑगस्टमध्ये छापायला गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की एका माणसाचं उत्तर आल्याशिवाय नाही. त्यांनी विचारलं कोणाचं. मी सांगितलं, माझ्या मावशीचं. फोनवरही माणसाचा चेहरा कळतो.

तुला घाई करत नाही. (करते आहे.) भाषणाचा खर्डाही सोबत जोडला आहे. त्यावर मात्र रेघ हवी आहे, ती ओढून दे. मला बोलताना थांबता येत नाही हे तुला माहीत आहे. एका झटक्यात दाढ काढणाऱ्या बाईला एक परिच्छेद काढता येत नाही, हे तुझंच वाक्य मी परवा मुलाखतीत माझं म्हणून सांगितलं.

यांनी समारंभासाठी नवे बूट घेतलेत, ते आत्तापासूनच चावतात. लोभ आहे, आणि मेच्या शेवटी तो समोरासमोर दाखवणार आहे.

तुझी,
ठकी

*

घरून,
२४ मे

चि. ठकीस,

अ. उ. आ. हे अक्षर माझं नाही. व्यायामवाल्या बाई लिहीत आहेत. मी सांगते, त्या लिहितात, आणि मध्येमध्ये मला कमी बोलायला सांगतात. हेही त्यांनी लिहिलं आहे.

मी येत नाही. आठ दिवसांपूर्वी सगळे सांधे एकदम उठले. ताप आहे. डॉक्टर येऊन गेले, औषध वाढवलं. काळजीचं कारण नाही, नेहमीचंच आहे, फक्त या वेळी त्याने तारीख बघून यायचं ठरवलं. हात उशीवर ठेवले आहेत आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत अशा आदराने मी त्यांच्याकडे बघते.

माझी खुर्ची रिकामी ठेवू नकोस. रिकाम्या खुर्चीकडे लोक बघतात, मग हळहळतात, आणि सगळी संध्याकाळ त्या खुर्चीची होते. संध्याकाळ तुझी आहे. कुणाला तरी बसव. वजनदार माणूस बसव.

तुझ्या भाषणावर रेघ ओढायची राहिली. क्षमा कर. अंदाजाने थांब.

बाई म्हणतात आता पुरे.

लोभ असतोच, तापातसुद्धा.

मावशी

*

घरून,
१ जून

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. आता ताप कसा आहे? यांनी व्यायामवाल्या बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या की उतरतोय, पण तू कुणाशी बोलत नाहीस आणि भांडतही नाहीस, म्हणजे बरं वाटत नसणार.

समारंभ झाला. तुझं ऐकलं नाही. खुर्ची रिकामीच ठेवली. कुणी हळहळलं वगैरे नाही. परीक्षक मंडळातल्या एका बाईंनी तिच्यावर आपला कोट आणि पिशवी ठेवली. मी व्यासपीठावरून सगळा वेळ त्या पिशवीकडे बघत बोलत होते.

आणि फार बोलले, मावशी. लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं संपलं. मी दोन्ही वेळा आभार मानून पुढे बोलत राहिले. तिसऱ्या वेळी त्या इतका वेळ वाजल्या की मला कळलं, आणि मी खाली उतरले. स्मृतिचिन्ह काचेचं आहे, जड आहे, कुठे ठेवायचं ते घरात कुणालाच कळत नाही. सध्या कपड्यांच्या इस्त्रीशेजारी आहे.

नंतर सगळ्यांनी हात मिळवले, फोटो झाले. पाहुण्यांच्या खोलीत आम्ही परत आलो, हे बूट काढून पाय धरून बसले, मी फुलं बेसिनमध्ये ठेवली. तुला सांगायचं होतं. फोन लावला आणि दोन वेळा वाजल्यावर ठेवून दिला, कारण मला दिसलं की तू उठून फोनपर्यंत येते आहेस. मग कुणालाच काही सांगितलं नाही. इतक्या लोकांनी अभिनंदन केल्यावर माणूस एवढा एकटा असेल असं वाटलं नव्हतं.

पंचाबद्दल विचारत नाही. तू बरी हो.

लोभ आहे, आणि तो त्या दिवशी पहिल्या रांगेत शोधत होते.

तुझी,
ठकी

*

घरून,
१९ जून

चि. ठकीस,

अ. उ. आ. अक्षर माझंच आहे, फक्त थोडं दारू प्यायलेलं दिसतं.

फोन वाजला होता, तो मी ऐकला. खोलीच्या दारापर्यंत आले होते. असो.

गठ्ठा उघडला. आडवी असताना एकेक पान छातीवर धरून वाचला. वाचून झालं की पान जमिनीवर सोडायचं, मग बाई येऊन गोळा करायच्या. त्यांनीही मधली काही पानं वाचली. त्यांचं मत, माणूस चांगला आहे पण व्यायाम करत नाही.

आधी जे चांगलं आहे ते. बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून तो तिच्याकडे पाठ करून बसतो, ते. पाहुणे आल्यावर तो दोन्ही हात खिशात घालतो आणि लोकांना वाटतं तोऱ्यात आहे, ते. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. तू बघितलंस. एवढी बारीक नजर दातांवर वाया जाते.

आता जे नाही ते. तुझा पंच फार चांगला आहे. दुखलं की खिडकीबाहेर बघतो. कुणी आलं की हसतो. जन्मभर खेळाडूंवर ओरडलेला माणूस, आजारी पडल्यावर एकदाही कुणावर डाफरत नाही. गेल्या आठवड्यात दुधाच्या पिशवीचं टोक फाटेना म्हणून मी तिला शिव्या दिल्या, संस्कृतात, म्हणजे मागाहून व्याकरण तपासता येतं. तुझ्या पंचाला हे सुचायचं नाही. त्याला दुखतं, पण कंटाळा येत नाही. ठकी, दुखण्याची सवय होते. कंटाळ्याची होत नाही.

आणि मग शेवटच्या प्रकरणात तो मरतो. पहाटे, झोपेत, चेहऱ्यावर समाधान घेऊन. प्रकाशक रडले, हे मला पटतं. मी नाही रडले. मी घड्याळात बघितलं, कारण गोळीची वेळ झाली होती. माणूस वरच्या पानावर मरून पडला होता, आणि त्याची गोळी मी घेतली.

शरीर या शब्दाचा अर्थच ‘झिजतं ते’ असा मी मुलींना शिकवायचे. संपतं ते, असा नाही. डॉक्टरांनी मला अगदी सुरुवातीला सांगितलं होतं की हा आजार माणसाला नेत नाही, माणसाबरोबर राहतो. मी मरण्यासाठी आजारी नाही, ठकी. मी मंगळवारसाठी आजारी आहे. सोमवारी बाई येतात, गुरुवारी येतात. शनिवार-रविवार खालच्या रस्त्यावर माणसांचे आवाज असतात. मंगळवारी काही नसतं. मंगळवारी दुखतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नसतं, कारण सोमवारीही तेवढंच दुखत होतं. याचं तुझ्या पुस्तकात एक पानसुद्धा नाही.

रेघ नको म्हणाली होतीस, तरी सवयीने शोधली. मिळाली नाही. मरणाच्या आधी कुठेही ओढता येईना, कारण पहिल्या पानापासून तू त्याला उचलून तिकडेच नेते आहेस. मला वाचताना तुझा श्वास लागलेला ऐकू येत होता.

तू परवानगी मागितली होतीस. दिली. माझं दुखणं घे, जिना घे, बरणी घे. मरण तेवढं घेऊ नकोस, ते अजून माझ्याकडेही आलेलं नाही.

यावर तू रागावलीस तर लोभ थोडे दिवस बाजूला ठेव, पण टाकून देऊ नकोस.

तुझी,
मावशी

*

दवाखान्यातून,
३० जून

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी खुर्चीशेजारी उभी राहून वाचलं. खुर्चीत एक काका तोंड उघडून बसले होते, दाढेला भूल चढायची वाट बघत. भूल चढली, उतरायला लागली, तरी मी वाचतेच आहे. शेवटी त्यांनीच हात वर केला.

रागावले नाही. चार-पाच दिवस काही लिहिता आलं नाही, एवढंच.

आई गेली तेव्हा मला काहीच येत नव्हतं. सकाळी तिच्याशी भाजी कुठली करायची ते बोलून दवाखान्यात आले आणि दुपारी ती नव्हती. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की मावशीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, आधीपासून तयार राहायचं. मी दोन वर्षं रोज सकाळी उठून तुझा शेवट लिहीत होते, मावशी. त्याला कादंबरी म्हणत होते. तो सराव होता. आणि त्या सरावात इतकी गढले की तुझ्याकडे यायचंच राहिलं. शेवटची कधी आले होते ते आठवून बघितलं, आणि ते इथे लिहवत नाही.

प्रकाशकांना सांगितलं की तो मरणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे, पण नाही मेला तर पुढे काय? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर सांग.

लोभ बाजूला ठेवायची जागाच माझ्याकडे नाही.

तुझी,
ठकी

*

घरून,
८ जुलै

चि. ठकीस,

अ. उ. आ. प्रकाशकांना सांग, मीही रोज सकाळी हाच प्रश्न विचारत उठते. उत्तर आलं तर दोघांना मिळून कळवीन.

सराव केलास याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुला वाटतं तेवढा तो वाईट झालेला नाही. मी इतकी शांतपणे जाईन याबद्दल कुणाचीही खात्री नसताना तू ठेवलीस, हा मोठेपणा आहे. पण सराव ज्याचा केलास तो सामना सध्या तरी नाही. जो आहे तो बघायचा असेल तर एखाद्या मंगळवारी ये.

अटी सांगते. फुलं आणू नकोस. कुणा ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांचं नाव आणू नकोस. भांडी घासू नकोस. माझा हात हातात घेऊन डोळे भरून बघत बसू नकोस, तो हात दुखतो. नुसती बस. काही घडणार नाही. ते बघायला ये.

जावईबापूंना आणलंस तर चालेल, पण त्यांना खाली बागेत पाठव, ते बोलतात.

लोभासाठी वेगळं पत्र लागत नाही, तो याच पाकिटात आहे.

तुझी,
मावशी

*

घरून,
२ सप्टेंबर

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्याकडून येऊन आता महिना होत आला. आल्याबरोबर लिहायला बसले, म्हणून पत्र राहिलं.

खरं सांगू? मला कंटाळा आला होता. सकाळी तू वर्तमानपत्र वाचलंस, मग तेच परत वाचलंस. दुपारी आपण दोघी त्या खिडकीशी बसलो आणि समोरच्या इमारतीत एक माणूस पडदा लावत होता, परत काढत होता, तेवढंच. तू मध्येच माझ्यावर ओरडलीस, मी चमचा जोरात ठेवला म्हणून. मग मी खुर्चीतच झोपले. जागी झाले तर तू तशीच बसली होतीस, त्याच बाजूला बघत, आणि घड्याळ जेमतेम पुढे गेलं होतं. मी संध्याकाळी निघणार होते. तू निघणार नव्हतीस.

प्रकाशक थांबायला तयार नाहीत. म्हणतात, पुढच्या वर्षी तुमचं नाव कुणाच्या लक्षात असेल सांगता येत नाही. मरणाचं प्रकरण ठेवलं तर अजूनही महिन्याभरात छापतील. मी नाही म्हणून कळवलं. दुसरे कुणी भेटतील, नाहीतर नाही भेटणार. हे सांगताना फार शूर वाटलं, मग दोन दिवस जेवण गेलं नाही.

सोबत नवं शेवटचं प्रकरण आहे. एक मंगळवार. पंचाची पुतणी येते, बसते, संध्याकाळी जाते. तो मरत नाही, बरा होत नाही. तू दारात माझ्याशी जे बोललीस ते मी शब्दशः घेतलं आहे, पुतणी निघताना. बघ.

आणि रेघ ओढून दे. मला कुठे थांबायचं ते कळत नाही. या वेळी खरोखरच कळत नाही.

लोभ आहे तसाच आहे, फक्त आता तो कुठल्या खुर्चीत बसतो ते मला माहीत आहे.

तुझी,
ठकी

*

घरून,
१० सप्टेंबर

चि. ठकीस,

अ. उ. आ. प्रकरण वाचलं. बसून वाचलं, टेबलाशी, पायाखाली माझं पुस्तक घेऊन.

आता तो माणूस आहे. चमच्यावरून ओरडतो ते वाचून मला त्याचा राग आला, म्हणजे बरं लिहिलं आहेस. प्रकाशकांना नाही म्हणालीस त्याबद्दल शाबासकी देत नाही. ते तुझं तू केलंस. पण जेवत जा. लेखक उपाशी असला की पुस्तकातले लोकही उगाच बारीक होतात.

रेघेचं. पुतणी जिना उतरते, त्याला तिच्या पावलांचा आवाज येतो, मग येत नाही. तिथे ओढली आहे. पुढची दीड पानं बडबड आहे. त्यातलं आभाळाचं जे काही आहे ते तर पहिल्यांदा काढ.

आणखी एक वाक्य काढायचं आहे. ते रेघेच्या वर आहे, म्हणून वेगळं लिहिते. दारात पुतणी विचारते, एकटं वाटतं का, आणि तो म्हणतो की नाही, सवय आहे, तू नीघ, अंधार पडेल. तू शब्दशः घेतलंस म्हणालीस. खरं आहे, मी असंच म्हणाले. तू नीट ऐकलंस, नीट उतरवलंस, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाहीस.

तरी काढ. त्याने ते खोटं सांगितलं होतं.

त्या जागी काय घालायचं ते मला लिहिता येत नाही. मी बराच वेळ बसले होते. तू येशील तेव्हा परत विचार. मंगळवारी मी घरीच असते.

मावशी